बैल तोच, माणूस तोच, मग बदललं काय?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. २०२५ मध्ये तैयब मेहता यांच्या 'ट्रस्ड बुल' या चित्राला लिलावात ६१ कोटी ८० लाख रुपये मिळाल्याची बातमी आली, तेव्हा नववीच्या वर्गाला मी त्यांची बरीच चित्रं दाखवली. मुलांनी विचारलं, "बाई, हे आयुष्यभर तेच तेच काढत राहिले का? बैल, रिक्षावाला, पडणारा माणूस, परत बैल." तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून जात नाही. विषय बदलले नाहीत, तर चित्रकाराची वाढ झाली हे ओळखायचं कशावरून?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : तुमच्या मुलांची नजर चांगली आहे, हे त्यांना आधी सांगा. तैयब मेहतांचे विषय खरोखरच मोजके आहेत. पाय बांधलेला बैल, हातरिक्षा ओढणारा माणूस, वरून कोसळणारी आकृती, पुढे काली आणि महिषासुर. साठ वर्षांच्या कारकिर्दीत एवढंच भांडवल. पण 'तेच तेच' हे विषयापुरतं खरं आहे. १९५६ चा बैल आणि नव्वदीतला बैल शेजारी ठेवले, तर ते एकाच माणसाने काढलेत यावर मुलांचा विश्वास बसणार नाही. या दोन चित्रांच्या मध्ये जे घडलं, तीच त्यांची वाढ.

सुरुवात १९४७ पासून करावी लागेल. तैयब यांचा जन्म १९२५ चा, गुजरातमधल्या कपडवंजचा. कुटुंब दाऊदी बोहरा, आणि लहानपण गेलं मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात. चित्रकला शिकायला जाण्याआधी ते ताडदेवच्या फेमस स्टुडिओत फिल्म संकलनाचं काम करत होते. ही नोकरी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय. फाळणीच्या दंगली पेटल्या तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि महंमद अली रोडवरच्या एका इमारतीत राहत होते. खालच्या रस्त्यावर जमावाने एका तरुणाला ठेचून मारलं. वरून त्यांनी ते पाहिलं, आणि पुढे कित्येक दिवस ते तापाने फणफणले. उतारवयातही ते दृश्य त्यांची पाठ सोडत नव्हतं, हे त्यांनी मुलाखतींतून सांगितलंय.

आता यातली अडचण बघा. एखाद्याने असं काही पाहिलं, तर तो ते दृश्य रंगवेल असं आपल्याला वाटतं. रस्ता, जमाव, दगड, रक्त. तैयब यांनी ते एकदाही तसं रंगवलं नाही. दंगलीचं चित्र काढलं की ती त्या दिवसापुरती, त्या दोन जमातींपुरती होऊन बसते. बघणारा 'अरेरे' म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे सरकतो. तैयब यांना हवी होती ती हिंसा, जी बघणाऱ्याच्या अंगात उतरेल आणि कुणाची बाजू घ्यायलाही सांगणार नाही. ती कॅनव्हासवर कशी आणायची, हा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवला. विषय मोजके का, याचं उत्तर इथे आहे. गणित एकच असेल तर आकडेमोडीसाठी चिन्हंही तीच पुरतात.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९५२ मध्ये त्यांनी पदविका घेतली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या वर्तुळात ते ओढले गेले. अकबर पदमसी, वासुदेव गायतोंडे हे त्याच पिढीतले सोबती. १९५४ मध्ये लंडन-पॅरिसची एक फेरी झाली. आणि १९५६ मध्ये तो बैल आला, जो तुम्ही बातमीत पाहिलात.

त्या बैलाकडे मुलांना नीट बघायला लावा. कत्तलखान्यात बैलाला कापण्याआधी आडवा पाडतात आणि चारही पाय एकत्र आवळून बांधतात. क्षणापूर्वी ज्याच्या अंगाजवळ जायला माणूस दचकला असता, ते जनावर मांसाचं गाठोडं होऊन पडतं. तैयब यांना त्या बैलात स्वतंत्र झालेल्या देशाची अवस्था दिसत होती. ताकद अफाट, पण तिला वाट मिळत नाही. १९५६ च्या चित्रात हे सगळं आहे, पण ते सांगायला रंगाचं वजन लागलं आहे. रंग दाट आहे, आकार जड आहे, बैल मातीतून कोरून काढल्यासारखा. दुःख दाखवायचं तर रंगही भारी हवा, असा त्या काळातल्या कितीतरी चित्रकारांचा समज होता आणि तैयब त्याला अपवाद नव्हते.

१९५९ ते १९६४ ही वर्षं त्यांनी लंडनला काढली. तिथे फ्रान्सिस बेकनच्या चित्रांनी त्यांना धरलं. किंचाळणारी तोंडं, रिकाम्या खोलीत एकटं पडलेलं, पिळवटलेलं शरीर. या काळातल्या तैयब यांच्या आकृत्या जाड थरांनी थापलेल्या आहेत, करड्या-तपकिरी, आपल्याच अंगात कोंडलेल्या. चित्रं चांगली आहेत, पण माझं मत विचाराल तर अजून ती पूर्ण त्यांची नाहीत. वेदना रंगाच्या पोतावर अवलंबून आहे. थर खरवडून काढले तर खाली फार थोडं उरेल.

परतल्यावर, १९६५ मध्ये, 'फॉलिंग फिगर' आलं. १९६८ मध्ये दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. समीक्षक या पडणाऱ्या माणसाचा धागा १९४७ च्या रस्त्याशी जोडतात, आणि मलाही ते पटतं. फक्त तपशील बघा कसे गळाले. जमाव नाही, रस्ता नाही, मारणारा नाही. कुठून पडतोय, कुठे पडणार, तेही नाही. उरलं ते पडणं. विषयातून गोष्ट काढून टाकायचं काम इथे पार पडलं. रंग मात्र अजून जडच होता.

ते जडपण गेलं न्यूयॉर्कमध्ये. १९६८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते तिथे गेले आणि बार्नेट न्यूमनच्या चित्रांसमोर उभे राहिले. भिंतभर कॅनव्हास, त्यावर एकच सपाट रंग, आणि वरपासून खालपर्यंत गेलेली एखाद-दुसरी अरुंद उभी पट्टी. माणूस नाही, वस्तू नाही, ब्रशचा फटकारासुद्धा नाही. तरी त्या रंगासमोर उभं राहिलं की छाती भरून येते. इतकी वर्षं जी तीव्रता तैयब थर चढवून मिळवत होते, ती हा माणूस एका सपाट रंगात देत होता.

इथे गायतोंड्यांची आठवण काढायलाच हवी. त्यांनाही चार वर्षं आधी हीच शिष्यवृत्ती मिळाली होती. गायतोंड्यांनी मानवाकृती त्याआधीच सोडली होती आणि नंतर तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांचा मार्ग शांततेकडे जात होता. तैयब त्याच दारात उभे होते. न्यूमन पाहिल्यावर अमूर्ताकडे जाणं सोपं होतं आणि त्या काळात त्याला प्रतिष्ठाही मोठी होती. ते गेले नाहीत. त्यांनी सपाट रंग उचलला, मोकळा अवकाश उचलला, आणि माणसाला घेऊन परत आले. हा निर्णय मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत धाडसाचा वाटतो. महंमद अली रोडवर ठेचला गेलेला माणूस रंगाच्या पट्टीत विरघळवून टाकणं त्यांना मान्य नव्हतं, असं मी त्याचं कारण लावतो.

परतल्यावर एक पेच उभा राहिला. रंग सपाट झाला तर आकृती त्यात नुसती चिकटवल्यासारखी दिसते, कागदी कात्रणासारखी. थरांतून येणारी वेदना तर गेलेली. १९६९ मध्ये एका कॅनव्हासवर काही केल्या काम पुढे सरकेना. वैतागाच्या भरात त्यांनी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत काळी तिरकी रेघ ओढून दिली, असं त्यांनीच नंतर सांगितलंय. त्या रेघेने चित्र फाटलं, आणि फाटल्यावर ते जिवंत झालं. पुढची काही वर्षं ती रेघ त्यांच्याकडे राहायला आली. 'डायगोनल' ही मालिका ती हीच.

फळ्यावर दोन आयत काढून हे मुलांना दाखवता येईल. एकात न्यूमनसारखी उभी रेघ मारा. दोन भाग शांतपणे शेजारी उभे राहतात. दुसऱ्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मारा. काहीतरी घसरतंय, कोसळतंय असं लगेच वाटू लागतं. मग त्या दुसऱ्या आयतात एक माणूस काढायला सांगा. रेघ त्याच्या अंगावरून जाणारच. डोकं एका बाजूला, एक हात दुसऱ्या बाजूला, खांदा जिथे जुळायला हवा तिथे जुळत नाही. कुणी सुरी धरलेली नाही, रक्ताचा थेंब नाही, तरी शरीर चिरलं गेलं आहे. हिंसा आता चित्राच्या बांधणीत गेली. ती रंगवावी लागत नाही.

आता फेमस स्टुडिओतल्या नोकरीकडे वळू. संकलक दिवसभर फिल्म कापतो आणि जोडतो. उजवीकडे पाहणारा चेहरा, कात्री, डिंक, मग दुसऱ्याच जागी, दुसऱ्याच वेळी उचललेला हात. पडद्यावर ते दोन्ही एकाच माणसाचे वाटतात. तैयब यांच्या तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जी शरीरं आहेत, ती मला नेहमी अशी दोन वेगळ्या क्षणांतली वाटतात. मारला जाण्यापूर्वीचा अर्धा माणूस आणि नंतरचा अर्धा. हे माझं वाचन आहे, पण ज्याने तरुणपणी संकलनाचं टेबल सांभाळलं, त्याच्या हाताला हे सुचावं यात नवल नाही. त्याच सुमारास, १९७० मध्ये, त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'कूडल' हा सोळा मिनिटांचा लघुपट केला. त्यातली दृश्यं वांद्र्याच्या कत्तलखान्यात टिपलेली आहेत, आणि त्याला फिल्मफेअरचा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. दोन वर्गांना मिळून तो एकदा दाखवा, मात्र पालकांची परवानगी घेऊन. त्यातल्या बैलाचं पडणं पाहिलं की कॅनव्हासवरच्या बैलाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

पुढे रेघ हळूहळू दिसेनाशी झाली. सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात ती कॅनव्हासवरून आकृतीच्या अंगात शिरली. रिक्षावाल्याची चित्रं घ्या. कोलकात्याचा हातरिक्षा ओढणारा माणूस त्यांना लहानपणापासून ओळखीचा होता. या चित्रांत एका ठिकाणी बोट ठेवून बघायला सांगा : रिक्षाचे दांडे कुठे संपतात आणि माणसाचे हात कुठे सुरू होतात? बहुतेक ठिकाणी सांगता येत नाही. दांडा म्हणून निघालेला आकार कोपर होतो. मांडी म्हणून धरलेला आकार चाकाच्या कडेला जाऊन मिळतो. एका सपाट रंगाला दुसरा सपाट रंग टेकतो, मध्ये बारीक रेघ, आणि माणूस गाडीपासून सुटा करता येत नाही. बैलाचे पाय दोराने बांधले होते. याला दोरही लागला नाही, कामानेच बांधून ठेवलंय. तुमची मुलं ज्याला 'परत तेच' म्हणाली, ते हेच. बांधलेलं जनावर आणि जुंपलेला माणूस यांच्यात त्यांनी फरक ठेवला नाही. पुढे तर त्यांनी बैलालाच रिक्षात घातलं.

१९८४-८५ मध्ये ते शांतिनिकेतनला राहिले. तिथे संथाळांचा चरक उत्सव पाहिला आणि त्यातून तीन भागांचं 'शांतिनिकेतन ट्रिप्टिक' आलं. तुमच्या जिल्ह्यातल्या मुलांना चरक समजावायला अर्धं वाक्य पुरेल, कारण बावधनचं बगाड त्यांनी पाहिलेलं असणार. उंच लाकडाला टांगलेला, जमिनीपासून सुटलेला भक्त, आणि खाली उसळलेली माणसं. वीस वर्षं ज्याने कोसळणारा माणूस काढला, त्याला इथे हवेत लटकलेलं शरीर भेटलं, आणि त्याच्याभोवती आक्रोश नव्हता, उत्सव होता. त्यानंतर तैयब यांचं चित्र मोकळं झालं. रंग उजळले. एकट्या आकृतीच्या जागी अनेक आकृत्या आल्या, ढोल आले, नाचणं आलं. १९९५ चं 'सेलिब्रेशन' याच वळणावरचं.

आणि देवी आली. १९८९ ची काली बघताना नजर आधी तिच्या उघड्या लाल तोंडावर जाते. गडद निळसर देहात ते एकच भोक पेटल्यासारखं आहे. बेकनची किंचाळी पंचवीस वर्षांनी इथे पोचली, पण थर नाहीत, पिळवटलेलं मांस नाही. दोन-तीन सपाट रंगांनी ती गर्जना उभी केली आहे.

त्याच्याही पुढे महिषासुर. आपल्याकडे तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनीच. देवी वर, रेडा पायाखाली, त्रिशूळ रुतलेला. जिंकलं कोण आणि हरलं कोण यात शंका नसते. तैयब यांच्या १९९७ च्या महिषासुरात ही शंका उभी राहते. देवीचे अवयव आणि असुराचे अवयव एकमेकांत इतके गुंतलेत की झुंज चाललीय की मिठी, हे ठरत नाही. बोटाने हात मोजू लागलं तर हिशेब चुकतो. बांधलेला बैल आठवा आणि हे चित्र बघा. तेच शिंग असलेलं डोकं, पण आता ते गाठोडं होऊन पडलेलं नाही. मारणारी आणि मरणारा एकाच वळणात फिरतायत. १९४७ मध्ये खिडकीतून खाली पाहताना जो मारणारा चेहरा तैयब यांनी कधी रंगवला नाही, तो पन्नास वर्षांनी त्यांच्या चित्रात आला, आणि देवीच्या रूपात आला. मला यावर फार काही म्हणावंसं वाटत नाही, पण हे पाऊल उचलायला माणसाला आयुष्य लागतं.

हे सगळं त्यांनी अतिशय सावकाश केलं. मनासारखं झालं नाही की कॅनव्हास नष्ट करत. त्यामुळे हुसेन यांच्या तुलनेत त्यांची चित्रं फारच थोडी आहेत. नंतरच्या काळात तैलरंगाऐवजी अॅक्रिलिक आलं, जे लवकर वाळतं आणि सपाट बसतं. ज्यांच्या चित्रात कडेला कड टेकण्यावर सगळा भार असतो, त्यांना हे माध्यम सोयीचं. किमतीचा विषय थोडक्यात आटोपतो. २००२ मध्ये 'सेलिब्रेशन' न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना गेलं, २००५ मध्ये 'महिषासुर' दहा लाख डॉलर ओलांडणारं पहिलं आधुनिक भारतीय चित्र ठरलं, आणि मग तुम्ही वाचलेली बातमी. लिलावात विकणारा चित्राचा आधीचा मालक असतो, पैसा त्याच्याकडे जातो. तैयब मुंबईतल्या साध्या फ्लॅटमध्येच राहिले. २००७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला आणि २ जुलै २००९ रोजी ते गेले. ६१ कोटींच्या आकड्याने मुलांचं लक्ष वेधलं असेल तर वेधू द्या, पण तो आकडा १९५६ च्या चित्राचा आहे. त्यानंतर त्या बैलाला अजून चाळीस वर्षांचा रस्ता होता.

ओळखायचं कशावरून, हा तुमचा मूळ प्रश्न. वर्गात एक करून बघा. १९५६ चा बैल, १९६५ ची पडणारी आकृती, सत्तरच्या आसपासची एखादी डायगोनल, ऐंशीतला रिक्षावाला आणि नव्वदीतला महिषासुर, या पाचांच्या प्रती शीर्षकं झाकून, क्रम मोडून भिंतीवर लावा. मुलांना एवढंच विचारा की दुखतंय कुठे. एखादं मूल जाड रंगाकडे बोट दाखवेल, एखादं रेघेकडे, एखादं न जुळणाऱ्या खांद्याकडे. मग त्यांनाच क्रम लावू द्या. बहुतेकांचा बरोबर लागेल, आणि ज्यांचा चुकेल त्यांच्याशी वाद घालण्यात तास मजेत जाईल.

प्रतींबद्दल एक सावधगिरी. छापील पानावर किंवा मोबाइलवर तैयब यांचे सपाट रंग मेल्यासारखे दिसतात. मूळ चित्रं चांगली मोठी, माणसाएवढी असतात, आणि त्यांच्यापुढे उभं राहिलं की कडांवरचा बारीक कंप दिसतो. 'शांतिनिकेतन ट्रिप्टिक' दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यातही तैयब आहेत. मात्र तिथली मांडणी बदलत असते, तेव्हा सहल ठरवण्याआधी फोन करून काय लावलंय ते विचारून घ्या.